जाणारे टपाल

गेली दोन वर्षे माझ्या डोमेनवरचा, म्हणजे इंटरनेटवर मी घेतलेल्या नावावरचा, सर्व ईमेल पत्रव्यवहार टीव्हीखालच्या कपाटातील एका जुन्या लॅपटॉपवर येतो. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, मेलची देवाणघेवाण करणारे पोस्टफिक्स आणि आलेली मेल वाचायला देणारे डव्हकॉट एवढेच आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज हमखास जात असल्यामुळे मेल स्वीकारणे हेच कठीण ठरेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तोच भाग सर्वांत सोपा निघाला. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे, मानक लिहिले गेले, तेव्हापासूनच समोरचे यंत्र बंद असू शकते हे त्यात गृहीत धरलेले आहे. पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि चार-पाच दिवस तरी हा प्रयत्न सोडू नये, असे आजचे मानक सांगते. त्यामुळे सहा तास वीज नसली तर पत्र उशिरा पोहोचते, पण हरवत नाही.

अर्थात, त्यासाठी घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता हवा. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून कोणी आपल्या २५ क्रमांकाच्या पोर्टापर्यंत, म्हणजे मेल स्वीकारण्याच्या दारापर्यंत, पोहोचू शकत नाही, असे समजावे. मी जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला.

खरा अडसर जाणाऱ्या टपालाचा. एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली) आणि डीमार्क (या तपासण्यांत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे) या तिन्ही नोंदी आपल्याच डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावे-पत्ते सांगणाऱ्या यादीत, करायच्या असतात, त्यामुळे त्या एका संध्याकाळीत उरकल्या. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, म्हणजे पीटीआर, मात्र तो पत्ता ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याच हाती असते. मी सेवादात्याला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मला राउटर बंद करून चालू करण्यास सांगण्यात आले. शिवाय घरगुती जोडण्यांचे पत्ते स्पॅम रोखण्यासाठी याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत सर्रास असतात. त्या यादीत असणे म्हणजे स्पॅम पाठवल्याचा आरोप नव्हे. या पत्त्यावरून थेट मेल येणे अपेक्षित नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. पत्र नाकारले गेल्यावर हा बारकावा फारसा दिलासा देत नाही.

शेवटी मी भाड्याचा एक लहानसा सर्व्हर घेतला, त्याची पीटीआर नोंद करून घेतली आणि पोस्टफिक्सच्या ‘रिलेहोस्ट’ या एका ओळीत त्याचे नाव घातले, म्हणजे जाणारी पत्रे त्याच्यामार्फत जातील. हे पूर्ण स्वावलंबन नव्हे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. आलेली पत्रे माझ्याच डिस्कवर राहतात, हे मला पुरेसे वाटते. मात्र नव्या सर्व्हरचा पत्ता एसपीएफ नोंदीत घालायचा मी विसरलो आणि आठवडाभर माझी पत्रे लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली. सोसायटीच्या सचिवांना पाठवलेली पाण्याच्या टाकीची तक्रारही त्यांतच होती, आणि ती न मिळाल्याचे त्यांना मुळीच दुःख झालेले दिसले नाही.