किंडरडाइकच्या पवनचक्क्या, आपल्या आपण

आमचं क्रूझ जहाज रॉटरडॅमला सकाळी लागणार आणि संध्याकाळी सुटणार होतं. जहाजाच्या सहलींच्या यादीत जवळचं, पवनचक्क्यांचं किंडरडाइक होतंच, पण माणशी पैसे भरपूर आणि प्रत्यक्ष पवनचक्क्यांपाशी वेळ जेमतेम. "आपले आपण जाऊ," म्हटल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न, "आणि जहाज सुटलं तर?" प्रश्न रास्तच होता. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी कोणी थांबत नाही.

म्हणून आखणी उलटी केली. आधी किंडरडाइकहून परतीची बोट ठरवली, तीही शेवटची नव्हे, तिच्या आधीची. मग जायची. इंग्लंडहून येणाऱ्यांनी आणखी एक बघावं: नेदरलंड्सचं घड्याळ इंग्लंडच्या तासभर पुढे असतं आणि जहाजावरची वेळ बदललेली असेलच असं नाही. परतायची वेळ कोणत्या घड्याळाची, हे उतरण्यापूर्वी रिसेप्शनवर विचारून घेतलं.

जहाज विल्हेमिनाकाडेच्या धक्क्याला लागतं. समोरच एरॅस्मस पूल. तो चालत ओलांडला की वॉटरबसचा थांबा. ही बोट पर्यटकांइतकीच नोकरीधंद्याला जाणाऱ्यांचीही आहे. सायकलीसुद्धा चढतात. उन्हाळ्यात किंडरडाइकला थेट बोट असते, एरवी मध्ये बदलावी लागते. पैसे बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाने भरता येतात, पण आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ते घरूनच करून निघालो होतो.

किंडरडाइकला एकूण १९ पवनचक्क्या. बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या. १९९७ पासून जागतिक वारसा. तिकीट काढावं लागतं ते संग्रहालय केलेल्या चक्क्या आतून बघायला. कालव्याकाठची वाट मात्र खुली आहे, फुकट चालता येते. वेळ अगदीच कमी असेल तर नुसतं चालावं. थोडा अधिक असेल तर एक चक्की आतून बघावीच. खाली चूल-खाट, वर शिडीवजा जिना, मधोमध वरून खाली येणारा लाकडी दांडा, आणि एवढ्याशा जागेत अख्खं कुटुंब. बाकीच्या बऱ्याच चक्क्यांत आजही लोक राहतात, त्यामुळे अंगणात शिरायचं नाही.

मी अलिबागकडची, खारभूमीतली. बांध, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार), खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की शेतात शिरणारं खारं पाणी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. आमच्याकडे ओहोटी लागली की उघाडीतून पाणी आपोआप निघून जातं. इथे ती सोय पुरी पडेना. पाणी काढत गेलं तशी जमीन खचत गेली आणि नदीचं पात्र वर आलं, म्हणून पाणी उचलूनच टाकावं लागलं. वाऱ्यावर पाती फिरतात, त्यांनी मोठं चाक फिरतं, ते खालच्या कालव्यातलं पाणी वरच्या साठ्यात लोटतं. लेक नदीची पातळी उतरली की तिथून नदीत. हे काम आता पंप करतात. प्रवेशाजवळच त्यांचे प्रचंड फिरते स्क्रू दिसतात. गर्दी फोटोसाठी पुढे पळते. मी मात्र तिथेच सर्वांत जास्त वेळ उभी होते. "चक्क्या बघायला आलोय ना?" असं ह्यांनी दोनदा विचारलं.

विटांच्या गोल चक्क्यांची पाती जमिनीच्या अगदी जवळून जातात. फिरत असताना कुंपण ओलांडायचं नाही, लांबून दिसतो त्यापेक्षा त्यांचा वेग फार जास्त असतो. वाराही बोचरा, जूनमध्येसुद्धा स्वेटर लागला.

परतीच्या बोटीला रांग असते आणि बोट भरली की उरलेल्यांनी पुढचीची वाट बघायची. आम्ही बरेच आधी जाऊन उभे राहिलो, सोबत जहाजावरून बांधून आणलेले पाव-चीज होतेच. जहाजावर चढलो तेव्हा सहलीच्या बसेस अजून यायच्या होत्या.