खुर्चीत बसलेली ओल्गा

रविवार, रात्री उशिरा

पिकासोने 1918 मध्ये रंगवलेले बॅले नर्तकी ओल्गा खोखलोवाचे खुर्चीतील चित्र आणि ज्या छायाचित्रावरून ते काढले गेले ते छायाचित्र, ही दोन्ही आज बराच वेळ शेजारी ठेवून पाहत बसले होते. पॅरिसजवळच्या माँरूज येथील स्टुडिओत घेतलेल्या त्या छायाचित्रात ओल्गाभोवती पसारा आहे. चित्रात मात्र पिकासोने तो सगळा वगळला आणि पार्श्वभूमीचा कॅनव्हास जवळजवळ कोराच ठेवला. खुर्चीवरच्या कापडावरील फुले त्याने मन लावून रंगवली, पण खुर्चीला पाय दिलेच नाहीत. त्यामुळे जिचे सारे आयुष्य जमिनीवरच्या अचूक तोलावर उभे होते, ती बाई इथे अधांतरी बसल्यासारखी दिसते.

ओल्गा 1891 साली युक्रेनमधील निझिन येथे जन्मली आणि 1911 मध्ये दियागिलेवच्या 'बॅले रूस' या नृत्यकंपनीत दाखल झाली. पिकासो 1917 मध्ये 'परेड' या बॅलेच्या नेपथ्याचे आणि पोशाखांचे काम करण्यासाठी रोमला गेला, तेव्हा त्यांची भेट झाली. त्याच वर्षी कंपनी दक्षिण अमेरिकेला निघाली, तेव्हा ओल्गा बार्सेलोनात त्याच्यापाशी मागे राहिली. 12 जुलै 1918 रोजी पॅरिसच्या रशियन चर्चमध्ये त्यांचे लग्न झाले. म्हणजे हे चित्र रंगत होते तेव्हा तिने कंपनी सोडलेली होती आणि लग्न व्हायचे होते. रशियात क्रांती झाली होती, वडील झारच्या सैन्यात अधिकारी होते आणि घरच्यांची खबर मिळणे दुरापास्त झाले होते.

हे ठाऊक झाल्यावर तिच्या डोळ्यांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. केसांचा मधोमध भांग, गुळगुळीत कपाळ, मिटलेले ओठ. आँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांची आठवण यावी इतके रेखीव काम. पण नजर समोर असूनही कुठेच टेकत नाही. एक हात खुर्चीच्या पाठीवर सैल पसरलेला आहे आणि दुसऱ्या हातात पंखा आहे. या हातांपाशी मी सर्वांत जास्त थांबले. वर्षानुवर्षे घोटलेले वळण मनगटातून जात नाही, आणि पिकासोने ते नेमके टिपले आहे, असे मला अगदी मनापासून वाटते.

पावले मात्र चित्रात नाहीत.

पुढे 1935 मध्ये दोघे वेगळे झाले आणि 1955 साली कान येथे ओल्गाचे निधन झाले. तिची प्रवासाची पेटी कालांतराने नातवाकडे आली, आणि तीत पत्रे, छायाचित्रे यांच्यासोबत बॅलेचे बूटही जपून ठेवलेले निघाले. हे वाचल्यापासून माझी नजर राहून राहून चित्राच्या खालच्या कडेकडे वळते आहे.