तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरप्ट लेट येतोय तर प्रिंट का नाही टाकत?

नवीन आलेलं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात विचारतंच, सर, हँडलरमध्ये एक प्रिंट टाकून बघू ना, त्यात काय एवढं. (इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक, हँडलर म्हणजे ती हाक आली की चालणारा कोड.) दरवेळी तेच सांगून घसा दुखायला लागला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी हिशोब करा. यूआर्ट, म्हणजे प्रिंट ज्या सिरियल पोर्टवरून बाहेर जातं तो, सेकंदाला 115200 बिटांवर, स्टार्ट-स्टॉप धरून एका अक्षराचे 10 बिट, म्हणजे अक्षरामागे साधारण 87 मायक्रोसेकंद. 20 अक्षरांची ओळ गेली पावणेदोन मिलिसेकंदांवर. आणि शोधताय काय, तर 38 मायक्रोसेकंदांचा उशीर! सोनाराच्या काट्यावर कांद्याचं पोतं ठेवल्यासारखं आहे हे.

38 हा आकडा उगाच नाही घेतला. एक मोटर कंट्रोलचा बोर्ड होता, कॉर्टेक्स-एम4 प्रोसेसर, 168 मेगाहर्ट्झ, वर फ्रीआरटीओएस ही छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. कागदावर हँडलरमध्ये शिरायला 12 सायकल, म्हणजे 71 नॅनोसेकंद, अर्थात मेमरीने थांबवलं नाही तर, आणि कोड जिच्यात असतो ती फ्लॅश मेमरी थांबवतेच. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब इंटरप्टच्या पिनवर, दुसरा हँडलरच्या पहिल्याच ओळीत वर केलेल्या जीपीआयओवर (साध्या आउटपुट पिनवर). बघावं तेव्हा एक मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर, एकदम छान. मग पर्सिस्टन्स (जुन्या रेघा स्क्रीनवर तशाच राहू देणारी सोय) ऑन करून जेवायला गेलो, आणि परत येऊन बघतो तर लांब उजवीकडे 38 वर एक पुसटशी रेघ.

आता हा उशीर करतंय कोण? आमचा हँडलर सेमाफोर देतो, म्हणजे थांबलेल्या टास्कला इशारा करतो, त्यामुळे त्याची प्रायॉरिटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ज्यांना अडवू शकतो त्याच गटात ठेवावी लागते, आणि कोणीही क्रिटिकल सेक्शनमध्ये (मध्येच तोडू नये अशा कोडमध्ये) शिरलं की बेसप्राय, म्हणजे ठराविक प्रायॉरिटीपर्यंतचे इंटरप्ट अडवणारा रजिस्टर, वर जातो आणि आम्ही दाराबाहेर उभे. मग कर्नलच्या एंटर क्रिटिकलमध्येच हात घातला. सगळ्यात बाहेरच्या एंटरला सायकल काउंटर वाचायचा, एक्झिटला परत वाचायचा, वजाबाकी आतापर्यंतच्या मॅक्सपेक्षा मोठी असेल तरच ती आणि बोलावणाऱ्याचा रिटर्न अ‍ॅड्रेस रॅममध्ये ठेवायचा, म्हणजे दार कोणी लावून घेतलं ते कळतं. बस. मोजायचा खर्च मोजक्या सायकलींचा. (काउंटर 32 बिटचा आहे, 25 सेकंदांत फिरून शून्यावर येतो, पण अनसाइन्ड वजाबाकीला त्याचं काही नाही, उगाच घाबरू नका.)

तासाभरात अ‍ॅड्रेस मिळाला, मॅप फाइलमध्ये (कोणतं फंक्शन मेमरीत कुठे आहे ते सांगणारी फाइल) शोधला तर एक लॉगिंगचा ड्रायव्हर निघाला, क्रिटिकल सेक्शनच्या आत 1024 बाइटचा बफर एकेक बाइट करून कॉपी करणारा. बाइटला 6 सायकल धरा, 6144 भागिले 168, आले की नाही 37 च्या आसपास! दोन बफर केले, आत फक्त पॉइंटरची अदलाबदल ठेवली, पुसट रेघ गेली.

आणि प्रिंटशी माझं भांडण नाही हां. तो मॅक्सचा आकडा शेवटी प्रिंट करूनच बघितला, फक्त आयडल टास्कमधून (दुसरं काही काम नसतं तेव्हा चालतो तो), मोजणं थांबवल्यावर.