बिडीला हात न लावलेली बाई

फुफ्फुसाची बायोप्सी आली की मी आधी ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, उजेडात धरून बघते. मेणात दोन बारीक धागे, बस. जळगावातल्या माझ्या लॅबमध्ये टेक्निशियनला ताकीदच आहे, एकेक काप हिशोबाने. हौसेने पाच-सहा स्टेन, म्हणजे पेशी ओळखायचे रंग, मागवले की रोगाचं नाव भारदस्त होतं, पण औषध ठरवणाऱ्या तपासणीला टिश्यू उरत नाही.

ही बायोप्सी चोपड्याकडच्या एका पन्नाशीच्या बाईंची होती. खोकल्यासाठी टीबीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. आपल्याकडे एक्स-रेत डाग दिसला की संशय टीबीवर जातो, आणि बरेचदा तो खराही असतो. इथे मात्र पेशींनी ग्रंथींसारखी वेडीवाकडी वर्तुळं धरली होती. टीटीएफ-१ हा फुफ्फुसाच्या पेशी ओळखायचा स्टेन लावल्यावर केंद्रकं गडद तपकिरी झाली. फुफ्फुसाचाच ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींसारखा कॅन्सर. तिथेच थांबले, उरलेला ब्लॉक ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवला. उत्तर आलं: एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे जनुकाच्या त्या भागातला तुकडा गळालेला.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला तो भांडायच्या तयारीनेच. "मनी मायनी बिडीले कधी हात बी लावा नही!"

केळीवाला माणूस, म्हणून मी विहिरीवरच्या मोटरवर आले. ईजीएफआर हा पेशीवरचा स्टार्टर. वाढीचा निरोप घेऊन बाहेरून प्रथिन येतं, बटण दाबतं, आत रास, एकेटी अशा प्रथिनांची साखळी हलते आणि पेशी दुभागते. काम झालं की बंद. आईच्या गाठीत जनुकाचा छोटा तुकडा गळालाय, त्यामुळे बटण अडकलं. कोणी दाबत नाही, तरी मोटर चालूच. हा बिघाड बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत जास्त सापडतो. तो ओळखला गेला 2004 साली. त्याआधी अशा बाईंना सरसकट केमोच मिळायची, आता हा बिघाड रोखणारी गोळी मिळते.

"मग गोळी काय करते?"

"जेफिटिनिब ना? स्टार्टरला वीज मिळते त्या खाचेतच जाऊन बसते. वीज तोडते."

तो जरा थांबला. "आणि कोणी आकडा टाकला तं?"

एमडीच्या विद्यार्थ्यांनाही हे इतकं पटकन सुचत नाही. टाकतातच, म्हटलं. बहुतेकांत साधारण वर्षभराने गोळीचा जोर ओसरतो, आणि त्यातल्या निम्म्यांत त्याच खाचेत टी७९०एम नावाचा नवा बदल सापडतो. त्यावर ऑसिमर्टिनिब ही दुसरी गोळी चालते.

"मग तीच आधी का नही देत?"

"देतात. आता कल तिकडेच आहे. पण ती बरीच महाग पडते."

"कितीले पडते?"

तो हिशोब करायला मी त्याला ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरकडे पाठवलं.