सहावं घर

नेमबाजीच्या स्पर्धेसाठी घेतलेलं रिव्हॉल्व्हर घरी आलं त्या दिवशी आईनं आधी कुंकवाचा करंडा काढला. "खंडेनवमीला आपण विळीसुद्धा पुजतो, आणि एवढं महागाचं शस्त्र नुसतंच कपाटात ठेवायचं?" म्हणणं रास्तच होतं. पण ओलं कुंकू आणि निळसर काळं पोलाद यांचं जमत नाही. जिथं ओल राहील तिथं गंज. शेवटी कुंकू खोक्याला लागलं, अक्षताही खोक्यावरच पडल्या.

इंदूरला बातमी पोह्यांच्या गाडीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. रामबागेतले दोन शेजारी संध्याकाळी हजर. "भिया, दिखाओ तो!" दाखवलं आणि त्यांचे चेहरे पडले. सिनेमातलं काहीतरी चकचकीत, कमरेला खोचायचं, त्यांच्या मनात असावं. हे आपलं लांब नळीचं, ओबडधोबड लाकडी मुठीचं, खिशात न मावणारं बत्तीस बोअर. मूठ अशी कोरलेली की उजव्या हातात चपखल बसते आणि माझ्या डावखुऱ्या बहिणीच्या हातात धरताच येत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर १२१० ग्रॅम. नियमानं १४०० पर्यंत चालतं.

मला स्वतःला भावला तो चाप. घोडा अंगठ्यानं मागं चढवला की बारीकसा 'टक्' होतो, आणि मग चाप काचेची कांडी मोडावी तसा सुटतो. आधी सूचना नाही, नंतर फरफट नाही. सेंटर फायरच्या, म्हणजे अशा मोठ्या बोअरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या, स्पर्धेत चापाला किमान एक किलोचा दाब लागतो. सामन्याआधी पंच वजन टांगून तपासतात. वजन उचलताना घोडा पडला की हत्यार बाद. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे साखरेची पुडीच की." उपमा चुकलेली नाही. फक्त ती पुडी एका बोटानं, हात तसूभरही न हलवता उचलायची आहे, आणि तीही साठ वेळा.

गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरला घरं सहा. पण स्पर्धेत एका वेळी गोळ्या पाचच भरायच्या, तेव्हा एक घर कायम रिकामं. मला ते उगाचच आवडतं. पंक्तीत एक पान जास्तीचं मांडून ठेवावं तसं. पहिल्या तीस गोळ्या निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या तीस मात्र तीन सेकंदांच्या; निशाण तीन सेकंद दिसतं, सात सेकंद दडतं. पिस्तुलाचा घोडा आपला आपणच चढतो, म्हणून पिस्तुलवाल्याला त्या सातात श्वास घ्यायला सवड असते. मला घोडाही चढवायचा असतो. "रिव्हॉल्व्हर क्यों लिया?" एवढंच माझ्या नेमबाजीच्या उस्तादांनी विचारलं. फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जास्त बोलत नाहीत. महू इथून पंचवीसेक किलोमीटर. लष्कराचं नेमबाजी युनिट तिथलं, २०१२ साली लंडनला रौप्य मिळवलेले विजय कुमार तेव्हा त्याच युनिटचे. त्या हवेत वाढलेल्या माणसाला माझं उत्तर काय पटणार? मला ते आवडलं, एवढंच खरं उत्तर होतं. याच प्रकारात जसपाल राणांनी २००६ साली दोह्याच्या आशियाई खेळांत ६०० पैकी ५९० मारले होते. माझा आकडा विचारू नये.

गोळ्या वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. घरात सराव कोराच, म्हणजे गोळी न झाडता. दोनदा सिलिंडर उघडून बघायचं, खोटी काडतुसं घालायची, समोर कोरी भिंत. नळीच्या सपाट पाठीवर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात बरा. धाकटी बहीण माझ्या मागं गल्ला घेऊन बसली. पडेल तो रुपया तिचा, असा करार. पहिल्या रात्री चौदा गेले. नवं हत्यार, मुठीची सवय नाही, वगैरे मी बोलून पाहिलं; तिनं गल्ला नुसता हलवून दाखवला. दुसऱ्या रात्री नऊच पडले.

काल ती स्वतःच नाणं घेऊन आली, पाचाचं. रुपया फार हलका पडतो, असं तिचं म्हणणं आहे.