ग्रंथपडताळणी, वसुलीची धास्ती आणि दमलेला स्टाफ

सांगलीकडच्या कॉलेजांत मार्च उजाडला की ग्रंथालयाच्या एकाच काउंटरवर सगळं येऊन पडतं: परीक्षेची देवघेव, नो ड्यूजच्या (काही बाकी नसल्याच्या) सह्या, ग्रंथपडताळणी, म्हणजे नोंदीतलं प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का ते पाहणं. नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं वर्ष असेल तर विचारूच नका. परिचराची जागा रिकामी, म्हणून ग्रंथपालच स्टुलावर चढतो. अशा वेळी ताण घालवायला योगशिबिर ठेवून काय होणार? परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर तसाच असतो.

‘अमुक पुस्तक आहे का?’ विचारल्यावर स्क्रीनकडे न बघता ‘नाही’ म्हणणारा माणूस उद्धट असेलच असं नाही. कामाबद्दल असं तुटलेपण येणं हे बर्नआउटचं, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याचं एक लक्षण, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही आहे.

माझ्या मते यामागे पुष्कळदा वसुलीची धास्ती असते. गहाळ पुस्तकांचे पैसे पगारातून कापतील, या भीतीने लोक पडताळणी टाळतात आणि मग ती एकदम अंगावर येते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर १००० ग्रंथांमागे ५ गहाळ होणं वाजवी धरलंय. अट अशी की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी; हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी होतेच. २०,००० ते ५०,००० ग्रंथ असतील तर पूर्ण पडताळणी तीन वर्षांतून एकदा. हे नियम केंद्राचे, थेट आपल्या कॉलेजचे नाहीत. पण ग्रंथालय समितीत तसा ठराव मांडा आणि इतिवृत्तावर प्राचार्यांची सही घ्या.

मग काम वाटून टाका. ३०,००० ग्रंथ असतील तर वर्षाला १०,०००. रोज ६० पुस्तकं धरली तर सुमारे १७० दिवस. काउंटर उघडण्याआधी दोघांनी बसावं: एकाने पुस्तक काढून दाखल क्रमांक (पुस्तकावरचा नोंदणी क्रमांक) वाचायचा, दुसऱ्याने यादीत खूण करायची. यादी शेल्फच्या क्रमाने काढा. पुस्तकं आली त्या क्रमाने लिहिलेली दाखल नोंदवही घेऊन बसलात तर पानं उलटण्यातच वेळ जातो. त्या दिवशी बाहेर असलेल्या, बाइंडिंगला गेलेल्या आणि विभागांत ठेवलेल्या पुस्तकांची यादी आधीच काढा, नाहीतर तीही ‘गहाळ’ दिसतात. शेजारचे कप्पे पाहून दुसरी फेरी होईपर्यंत ‘गहाळ’ हा शब्द लिहू नका.

तळमजल्यावर ग्रंथालय असेल तर खालचे कप्पे आधी, मेमध्येच संपवा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

आणि झोपच उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत, मराठीत बोलता येतं.