नेत्राणीची सहल आणि लेकीसाठी घेतलेला ऑक्टोपस

बडोद्याला समुद्र नाही, आणि डायव्हिंगचा सिलिंडर भरून देणारंही मला इथे कुणी सापडलं नाही. त्यामुळे आमची डायव्हिंगची सगळी तयारी दांडिया बाजारातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर होते. या जानेवारीत लेकीला घेऊन मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर चार डाइव्ह करून आले. तिचा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच झाला आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायची मुभा. प्रवासाचं सांगतेच, पण या खेपेला माझा जीव अडकला होता तो एका पिवळ्या वस्तूत. ऑक्टोपसमध्ये, म्हणजे जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायच्या जादाच्या सेकंड स्टेजमध्ये. सेकंड स्टेज म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग.

कारण गेल्या वर्षीचं आहे. दुसऱ्या एका किनाऱ्यावर भाड्याच्या सामानावर डाइव्ह करत होते. १२ मीटरवर सराव म्हणून बडीचा, म्हणजे जोडीदाराचा ऑक्टोपस तोंडात घेतला, तर माउथपीस दातांत राहिला आणि बाकीचा भाग हातात आला. माउथपीस आवळून धरणारी प्लास्टिकची पट्टीच त्याला नव्हती. माझा स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) शेजारी लोंबत होता म्हणून निभावलं. पण वर येताना सारखं मनात येत होतं, की खरोखर हवा संपलेली असती आणि तिथे माझी लेक असती तर?

ऑक्टोपस विकत घेताना माणूस स्वतःचा विचार करतो. वापरायची वेळ येते तेव्हा मात्र तो घाबरलेल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडात असतो. हे एकदा लक्षात आलं की निवड बरीच सोपी होते. घाबरलेला माणूस कुठली बाजू वर आहे ते बघत बसत नाही, जसा हातात येईल तसा तोंडात कोंबतो. साधा सेकंड स्टेज उलटा घेतला की श्वास सोडायची झडप वरच्या बाजूला जाते, आत पाणी साचतं आणि हवेबरोबर तेही घशात उतरतं. म्हणून मी कुठल्याही बाजूने धरला तरी कोरडा श्वास देणारा, चपटा ऑक्टोपस घेतला. होज, म्हणजे हवेची नळी, पिवळा आणि साधारण एक मीटर लांब. आपल्या मुख्य रेग्युलेटरचा होज पाऊण मीटरच्या आसपास असतो, तेवढ्यात दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही. हल्ली जाळीदार विणीचे मऊ होज मिळतात. मी रबरी घेतला, कारण काही विणीच्या होजचं आतलं अस्तर उष्ण दमट हवेत खराब होऊन हवेची वाट अडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

दुकानात आणखी एक गोष्ट जरूर बघा. युरोपीय प्रमाणानुसार तपासलेल्या रेग्युलेटरवर ईएन २५० असं कोरलेलं असतं. त्यापुढे ए हे अक्षर असेल तर तो संकटात दोघांना एकाच वेळी हवा द्यायच्या कामासाठी तपासलेला आहे. पुढे १० अंशांपेक्षा जास्त अशी खूण असेल तर तो गरम पाण्यासाठी आहे, आणि आपल्या समुद्रांना तेवढं पुरतं. मात्र हवा शेवटी फर्स्ट स्टेजमधूनच, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या, दाब कमी करणाऱ्या भागातूनच येते. तो जुना, अनबॅलन्स्ड असेल तर सिलिंडर रिकामा होत येतो तसा श्वास जड होत जातो. दोघं एकदम ओढायला लागले की हे जास्तच जाणवतं, आणि गरज नेमकी तेव्हाच पडते.

लेकीला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरू. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे हवाही २.८ पट लागते, दोघांची मिळून मिनिटाला ११२ लिटर. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरले असतील तर हवा ५५० लिटर. पाच मिनिटंसुद्धा नाहीत, आणि घाबरून श्वास दुप्पट झाला तर अडीच. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायलाच दोन मिनिटं लागतात. ती म्हणाली, “आई, मग आपण १०० बारलाच वळू या.” तेच ठरवलं.

आता प्रवास. बडोद्याहून कोकणात जाणाऱ्या थेट गाड्या मुंबई टाळून वसई-पनवेलवरून जातात. आम्ही मुद्दाम सकाळच्या गाडीने मुंबईला उतरलो, कारण ऑक्टोपस घरी पाना घेऊन जोडायची गोष्ट नाही. तंत्रज्ञाने फर्स्ट स्टेजचा मधला दाब गेजवर मोजला आणि ऑक्टोपस मुख्य रेग्युलेटरपेक्षा श्वास ओढायला किंचित जड ठेवला. फार हलका असेल तर पाण्यात उडी मारताच तो आपोआप हवा सोडू लागतो, फार जड असेल तर घाबरलेल्याला वाटतं हवाच येत नाही. त्याच रात्री कोकण रेल्वेने मडगाव, तिथून दुसऱ्या गाडीने मुरुडेश्वर. विमानाने गेलात तर रेग्युलेटर केबिन बॅगेतच ठेवा.

पोचल्या संध्याकाळीच डाइव्ह सेंटरवर जाऊन सिलिंडर लावून बघितलं. बोटीवर हे सुचत नाही. हवा लावण्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे डस्ट कॅप, बसलेली असताना तोंडाने ओढून बघा, हवा आत येता कामा नये. आली तर पडदा किंवा झडप फाटलेली आहे. मग व्हॉल्व्ह उघडा आणि प्रेशर गेजवर नजर ठेवून ऑक्टोपसमधून चार-पाच जोरदार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली येऊन परत वर गेला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. शेवटी माउथपीसची पट्टी ओढून बघा. मी तीन वेळा ओढली.

नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर, बोटीने दीड तास. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोटी बंद. सकाळी लिलो चिवडा खाऊन बोटीत बसू नका, आमच्या डब्याला परत येईपर्यंत हात लागला नाही.

पहिल्या डाइव्हला ५ मीटरवर लेकीला डोळे मिटायला लावले. तिने चाचपडत माझ्या छातीवरचा ऑक्टोपस शोधला आणि उलटाच तोंडात घेतला. कोरडा श्वास आला. ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात, ओढताच सुटेल अशा मॅग्नेटच्या क्लिपला अडकवला होता. खिशात खोचलेला किंवा वाळूत फरफटणारा शोधायला तिला किती वेळ लागला असता ते मला मोजायचं नाही. तिसऱ्या डाइव्हला ठरवून, तीन मिनिटांचा पूर्ण सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधी थोड्या खोलीवर थांबणं) तिने माझ्या हवेवर केला. माझ्या दंडाला धरून ती तरंगत होती आणि बॅराकुडांचा थवा आमच्या खालून गेला.

एवढं झालं तरी हा दुसरा सिलिंडर नव्हे. माझा फर्स्ट स्टेजच बिघडला तर ऑक्टोपसही गेला. एकट्याने किंवा खोल जाणाऱ्यांनी स्वतंत्र रेग्युलेटर असलेला छोटा पोनी सिलिंडर घ्यावा.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याच्या बादलीत भिजवलं, डस्ट कॅप पुसून घट्ट लावून. भिजत असताना पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून हवा सोडणारं) दाबू नका, पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. वाळवायला मी सावलीत टांगते, होज मोडून गुंडाळत नाही. सर्व्हिसची तारीख लेकीने तिच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.